मशीन घेण्याआधी

शिलाई मशीन घ्यायचं ठरलं आहे. दहा हजारांच्या आत बसलं पाहिजे आणि त्यावर गोधडी शिवता आली पाहिजे, या दोन अटी मी दुकानदाराला सांगणार आहे. दुकानदार त्यापुढचं काही विचारणार नाही, विचारायचं त्याला कारणही नाही. ते मलाच मला विचारायला हवं. हे मशीन मला खरोखर कशासाठी हवं आहे? आणि मला जे स्वस्त पडणार आहे, ते दुसऱ्या कोणाला महाग पडणार आहे का?

कोणी विचारलं तर मी तीन कारणं सांगते. आईची लुगडी बोचक्यात बांधून ठेवली आहेत, त्यांच्या वाकळी करून भावंडांना द्यायच्या आहेत. हाताने शिवायचं तर बोटं आता साथ देत नाहीत. आणि घरच्यांचं झालं की चार गोधड्या विकल्याही जातील, शहरात मागणी आहे. सांगताना क्रम नेहमी हाच असतो, आईची लुगडी पहिली. ऐकणाऱ्याचा चेहरा तिथेच मऊ होतो, हे मला माहीत आहे. मनात मात्र हा क्रम उलटा आहे. विकायचं आहे, हे पहिलं कारण. यजमानांच्या पेन्शनमध्ये आमचं घर नीट चालतं, कशाला कमी नाही. तरी स्वतःच्या हाताने मिळवलेला पैसा मला या वयात हवासा वाटतो, आणि माझ्या गोधडीचं कोणीतरी नाव काढावं असंही वाटतं. यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते आईच्या लुगड्यांमागे लपवून ठेवणं बरोबर नाही, आणि मशीन निवडताना तर ते परवडणारंही नाही. घरच्या पाच-सहा वाकळी शिवायला लागणारं मशीन वेगळं आणि धंद्याला लागणारं वेगळं.

गोधडीत मशीनचा कस लागतो. ब्लाउजचं कापड दोन पदरी. गोधडीत खाली अस्तर, वर ठिगळांचा थर आणि मध्ये जुन्या साड्यांचे चार-पाच पदर. चौदा नंबरची सुई तिथे वाकते. सोळाची, कधी अठराची घालावी लागते. पदर जाड म्हणून कापड दाबून धरणारा प्रेशर फूट पुरेसा वर उचलला गेला पाहिजे. त्याहून मोठी अडचण ही की कापड पुढे सरकवणारे दाते खालच्या बाजूला असतात. ते अस्तराला ओढतात, वरचा पदर मागे रेंगाळतो, आणि दोन हात शिलाई झाली की वर चुण्या पडलेल्या दिसतात. यावर उपाय आहे, वॉकिंग फूट. तो सुईच्या दांड्याच्या जोरावर आपले वरचे दाते उचलतो-टेकवतो आणि वरचं कापडही खालच्याबरोबर चालवतो. हजाराच्या आत मिळतो आणि साध्या घरगुती मशीनलाही बसतो.

मग राहते जागा. सुईपासून मशीनच्या उभ्या खांबापर्यंतचं अंतर घरगुती मशीनला साधारण सहा-सात इंच असतं. साडेसहा फुटी वाकळ मधोमध शिवायची म्हणजे अर्धी वाकळ गुंडाळून त्या सहा-सात इंचांतून काढायची. कारखान्यातल्या मशीनला ही जागा दहा इंचांच्या आसपास असते, पण ते मशीन मिनिटाला पाच हजार टाक्यांपर्यंत धावू शकतं, त्याचं टेबल निम्मी खोली अडवतं आणि किंमत माझ्या आवाक्याबाहेर जाते.

दहा हजारांच्या आत जे मिळतं त्यातली हातात मावणारी प्लास्टिकची मशीनं मी सोडूनच देते. ती दोन पदरांतच हाय खातात. उरतात दोन प्रकार. एक, पांढरं, देखणं, झिगझॅगचं मशीन. बटण फिरवलं की वेलबुट्टी, काजं, पिको. ते माझ्या रकमेच्या काठावर येतं, त्यातलं चांगलं तर रक्कम ओलांडूनच जातं. दुसरं, काळं लोखंडी मशीन, ज्यावर आपल्या गावोगावच्या बायका शिवण शिकल्या. सिंगरच्या जुन्या पंधरा नंबरच्या घडणीवरून ते आपल्याकडे बनू लागलं. १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा काढलं, पुढे लुधियाना तर मशीनचं आणि त्याच्या सुट्या भागांचं गावच झालं. नुसतं डोकं दहा-बारा किलोचं. सरळ शिलाईपलीकडे त्याला काही येत नाही. पण गोधडीला सरळ शिलाईच लागते. वीज गेली तरी पायावर चालतं. हळू चालवलं तरी सुई जाड पदरात नेटाने घुसते. बिघडलं तर तालुक्याच्या गावातला मिस्त्री दुरुस्त करतो, भाग कुठेही मिळतात. सहा-सात हजारांच्या आसपास ते येतं, हजार-दीड हजारांत मोटरही बसते.

एवढं सगळं कळत असूनही माझं लक्ष पुन्हा पुन्हा पांढऱ्या मशीनकडे जातं. का जातं, ते मी नीट तपासून पाहिलं. त्यातले निम्मे टाके गोधडीवर मी कधी घालणार नाही. पण ते दिवाणखान्यात ठेवता येतं. शेजारची कोणी आली तर ‘नवीन घेतलंत वाटतं’ असं म्हणेल. काळं मशीन पाहून लोकांना वाटेल की हिला शिवणकाम करून पोट भरण्याची वेळ आली. पोटासाठी शिवणाऱ्या बाईसारखं दिसण्याची भीती माझ्या मनात आहे, आणि मी विकणार आहे ती तर त्याच बाईच्या कामाची वस्तू. ही भीती मला आवडत नाही. ती असताना घेतलेलं कुठलंही मशीन मला नीट वापरता येणार नाही.

हप्त्यांचंही तसंच आहे. दुकानात गेलं की लगेच सांगतात, महिन्याला एवढेच भरा, मोठं घ्या. ही युक्ती मशीनइतकीच जुनी आहे. सिंगर कंपनीने १८५६ मध्ये हप्त्यांवर मशीन द्यायला सुरुवात केली, आणि एरवी ज्यांना ते कधी घेता आलं नसतं अशा घरांत ते पोचलं. गरजू बाईला हप्त्याने स्वतःचं हत्यार मिळालं, ते मला मोठंच वाटतं. मला तो हप्ता हवा आहे तो केवळ न लागणारं काही घेण्यासाठी. दहा हजारांची अट मी स्वतः घातली आहे, ती मी हप्त्याच्या आडोशाने मोडणार नाही.

यंत्राचा विषय निघाला की मला गांधीजींचं एक उत्तर आठवतं. १९२४ साली जी. रामचंद्रन या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याने त्यांना विचारलं, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का? गांधीजींनी शिलाई मशीनचा अपवाद सांगितला. सिंगरने आपल्या बायकोला हाताने शिवताना शिणलेली पाहिली आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी मशीन शोधून काढलं, असं ते म्हणाले. खरा आयझॅक सिंगर एवढा हळवा नवरा नव्हता, त्याची एकापेक्षा जास्त कुटुंबं होती. दोन धाग्यांच्या टाक्याचं पेटंटही त्याच्या आधी, १८४६ मध्ये, एलियास हाउने घेतलं होतं. सिंगरचं १८५१ चं. पण गांधीजींची कसोटी त्या कथेवर अवलंबून नाही. यंत्राने वेळ आणि कष्ट वाचावेत, पण मूठभरांचे नव्हे, सगळ्यांचे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या तरुणाने पुढे अडवलं: मग ही मशीनं बनवायला कारखाना लागेलच की. गांधीजी म्हणाले, लागेल, पण असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत आणि तिथल्या कामगारांना चांगल्या स्थितीत काम करता यावं.

ही कसोटी मी स्वतःला लावून पाहते. माझी बोटं वाचतील, हे उघड आहे. माझा वेळही वाचेल. आणखी कोणाचा वाचेल? इथे मला आमच्या आक्का समोर दिसतात.

आक्का साताऱ्यात आमच्या भागात दारोदार फिरून वाकळी शिवून देतात. जुन्या साड्या आपण द्यायच्या, दोरा आपण द्यायचा. त्या ओसरीवर नाही तर गच्चीत साड्या अंथरतात, चारी बाजू ताणतात, कच्चे टाके घालतात आणि कडेपासून धावदोरा धरतात. एक फेरी संपली की आतली फेरी, तिच्या आत आणखी एक, असं करत शेवटी मध्यावर येतात. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांचं कवंदही (त्यांची गोधडी) असंच कोपऱ्यापासून सुरू होऊन फिरत फिरत आत जातं; शेवटी कोपऱ्यांना कापडाची घडीची फुलं लावल्याशिवाय त्या ते पुरं मानत नाहीत. मशीनवर याच्या नेमकं उलट करावं लागतं. मधून सुरुवात करून बाहेर यायचं, म्हणजे पदरातली ढिलाई कडेला ढकलली जाते. कडेपासून सुरुवात केली तर मध्ये फुगा येतो. आईने शिकवलेली सगळी चाल मशीनवर उलटी होते.

टाक्यातही फरक पडतो. हाताच्या धावदोऱ्यात एकच धागा वरखाली जातो, पदर थोडे मोकळे राहतात, म्हणून वाकळ अंगाला बिलगते. मशीनचे दोन धागे प्रत्येक टाक्याला आत अडकून वरून-खालून आवळतात. शिलाई दाट घेतली तर गोधडी ताठ होते, हे मी शेजाऱ्यांकडच्या गोधडीवर हात फिरवून पाहिलं आहे. टाका लांब ठेवून आणि ओळींत अंतर सोडून हा ताठपणा कमी करता येतो, सगळा घालवता येत नाही. हाताची वाकळ विरली की उसवून नवा पदर घालता येतो. मशीनची उसवायला माणूस कंटाळतो. दुसऱ्या बाजूने, मशीनची शिलाई घट्ट असते आणि काम कितीतरी लवकर होतं. दोन्हींचे गुण वेगळे आहेत. मशीनची गोधडी वाईट, असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. ज्या घरात थंडीत पांघरायला काही नाही तिथे ती कशी शिवली हा प्रश्नच नाही.

अडचण विकण्यापाशी सुरू होते. शहरात गोधडीला आज जी किंमत मिळते ती हाताच्या कामामुळे मिळते, आजीच्या मायेच्या नावाने मिळते. मी मशीनवर झपाट्याने शिवलेली गोधडी प्रदर्शनात मांडली आणि गिऱ्हाईक ‘घरगुती आहे ना?’ म्हणालं, तर मी हो म्हणेन, आणि ते खरंही असेल. गिऱ्हाईक मनात ती हाताची समजेल, आणि मी पुढे काही बोलणार नाही. आक्कांच्या कित्येक दुपारचं मोल माझ्या गप्प राहण्यातून माझ्या खिशात येईल. हे अजून घडलेलं नाही. पण त्या क्षणी मी गप्प राहीन का, असं स्वतःला विचारलं तेव्हा छातीठोकपणे ‘नाही’ म्हणता आलं नाही. म्हणून आत्ताच ठरवते आहे. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्याला पट्टी लावायची आणि त्यावर मधली शिलाई मशीनची की हाताची ते लिहायचं. तोंडी सांगणं मी माझ्यावर सोपवणार नाही.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट पुढे आली आहे. पलीकडच्या आळीतली एक बाई आपलं पायमशीन विकते आहे. नवरा आजारी आहे, औषधांना रोख पैसे हवेत. त्यावर ती ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. स्टँडसकट चार हजार मागते. मशीन चांगलं आहे. मी चाक फिरवून पाहिलं, शटलचा आवाज स्वच्छ आहे, बॉबिन नीट बसते, पट्टा तेवढा बदलावा लागेल. माझ्या रकमेत ते बसून वर सहा हजार उरतात. ओळखीच्या दोघींनी सांगितलं, अडीच म्हण, देईल, तिला नड आहे. जुनं मशीन घेताना घासाघीस करायचीच असते, हे मीही मानते. पण ही घासाघीस मशीनच्या झिजेवरून नाही, तिच्या नवऱ्याच्या दुखण्यावरून होणार आहे. ते पंधराशे रुपये मला वाचवायचे नाहीत.

चार हजार दिले तरी मन निवत नाही. मशीन तिच्या घरातून गेलं की महिन्याची मिळकत गेली. मी नाही घेतलं तर दुसरं कोणी अडीचला घेईल, असं मन सांगतं. हे कारण मला फार सोयीचं आहे, म्हणूनच मी त्यावर भरवसा ठेवत नाही. तिला हवेत पैसे, मशीन विकणं नको आहे. मी तिला चार हजार कामापोटी आगाऊ दिले आणि मशीन तिच्याकडेच राहू दिलं, तर काय अडतं? माझ्या लुगड्यांच्या अस्तरांची जोडणी ती तिच्या मशीनवर करील, पैसे हळूहळू फिटतील. पैशाच्या बाजूने काहीच अडत नाही. अडतं ते एवढंच की मग ते मशीन माझ्या घरात येणार नाही. आजवर मी म्हणत होते की मला गोधड्या हव्या आहेत. इथे मला स्पष्ट दिसतं की मला मशीनही हवं आहे, वस्तू म्हणून, माझं म्हणून. ती हौस मी मारून टाकणार नाही. पण त्या बाईच्या नडीवर या हौसेची भूक भागवायची नाही. आगाऊ पैसे द्यायचं मी ठरवलं आहे. हे लिहितानाही हात थोडा आखडतो, तरी देणार आहे.

कोणी तरी असंही सुचवलं की पीएम विश्वकर्मा योजनेत नाव घाल. शिंपीकामही त्यात आहे, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मिळतात. २०२३ साली ही योजना सुरू झाली ती हातांनी पोट भरणाऱ्या कारागिरांसाठी. पेन्शनच्या घरात बसून मी स्वतःला कारागीर लिहून देणं मला जमणार नाही. पलीकडच्या बाईला मात्र तिथे नाव घालायला मदत करता येईल, अर्ज भरायला तिच्याबरोबर जाता येईल. हे मला आधी सुचलं नव्हतं; स्वतःसाठी नको म्हटल्यावर सुचलं.

म्हणजे नव्या मशीनसाठी आता सहा हजार उरले. त्यात काळं मशीन येईल, पायाचं, मोटरशिवाय. गुडघे बरे आहेत तोवर पाय चालतील. दुकानात जाताना मी लुगड्यांच्या सहा पदरांची चौकोनी घडी बरोबर नेणार आहे. दुकानदार नेहमी एका पदरी चिंधीवर शिवून दाखवतो. मी माझ्या घडीवर शिवून पाहणार आहे. सोळाची सुई घालायला लावीन, टाका सगळ्यांत लांब ठेवायला लावीन, आणि घडी उलटून खालच्या बाजूला दोऱ्याची गुंतवळ होते का ते पाहीन. वॉकिंग फूट त्याला बसतो का, हे तिथेच बसवून बघीन.

पण त्याआधी मला आक्कांकडे जायचं आहे. मी मशीनवर मधल्या ओळी मारणार, कडा आणि कोपरे तुम्ही हाताने कराल का, आणि एका गोधडीमागे तुमचा दर किती, असं त्यांना विचारायचं आहे. मी दर सांगायचा नाही, त्यांनी सांगायचा. मी तोंड उघडलं तर त्या माझ्याकडे बघून कमी करतील. ‘वैनी, तुम्हीच काय ते द्या’ असं त्या नेहमी म्हणतात, आणि मी आजवर देत आले ते माझ्या मनाला येईल तेवढं. त्यांनी सांगितलेला दर, अस्तर जोडणाऱ्या बाईची मजुरी आणि दोरा, सुया, कापड एवढं आधी धरून मग गोधडीची किंमत मांडायची. त्या किमतीला माझी गोधडी खपली नाही, तर मला हा धंदा करायचं कारण उरत नाही. पोट त्यावर अवलंबून नाही, आणि दर पाडून विकणाऱ्यांत आणखी एका हौशी बाईची भर नको. मग काळं मशीन घरच्यांपुरतं चालवीन. भावंडं पाच आहेत आणि लुगडी बोचकंभर.